एसटी स्टँडचं छत कॉम्प्युटरला विचारून बांधायचं का?

उलटी साखळी (धागा सुरू करणारा)

एका नव्या बसस्थानकाचं थ्रीडी चित्र सध्या आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय. गाव कोणतं ते सोडा, मराठवाड्यातलं कुठलंही धरा. समोर काच, वर लाटेसारखं पत्र्याचं टोपरं, बाजूला दोन नारळाची झाडं (आपल्याकडं!). खाली सगळ्यांचं ‘लय भारी’ आणि एकाचं ‘पॅरामेट्रिक आहे हे’. मी आर्किटेक्ट आहे, हेच सॉफ्टवेअर रोज चालवतो. ते पॅरामेट्रिक नव्हतं, नुसतं वाकडं होतं.

पॅरामेट्रिकमध्ये आधी आकार काढत नाहीत, नियम लिहितात. छताची उंची, कडेचा पुढावा, खांबांतलं अंतर, पाण्याचा ढाळ हे आकडे एकमेकांना बांधायचे; एक हलवला की बाकीचे आपोआप सरकतात. ग्रासहॉपर नावाचं साधन २००७ पासून हेच करतंय. २००८ साली वास्तुकार पॅट्रिक शूमाखर यांनी याला ‘पॅरामेट्रिसिझम’ म्हणून शैलीचा दर्जा दिला आणि माझ्या मते घोळ तिथंच झाला. तेव्हापासून हा शब्द काढला की लोकांना अझरबैजानमधल्या बाकूचं हैदर अलियेव सेंटरच आठवतं. पांढरंशुभ्र, वळणं घेत जमिनीतून उठणारं.

आपल्या कामाचा उपयोग वेगळा आहे. लातुरात मे महिन्याच्या मध्याला भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली. तेव्हा कुठलंही छत चालतं. चार वाजता मात्र सूर्य पश्चिमेला ३८ अंशांवर उतरलेला असतो. छताची कड ५ मीटर उंच असेल तर सावली जवळपास साडेसहा मीटर पूर्वेला सरकते. पश्चिमेच्या फलाटावरचा तेवढा पट्टा उन्हात, आणि बाकडी नेमकी तिथंच. मग सगळे मागच्या भिंतीला चिकटून उभे.

माझं म्हणणं एवढंच, की सरकारी पैशातून बांधायच्या प्रत्येक इमारतीला हे गणित सक्तीचं करा. वाकडा आकार चालेल, पण कशासाठी वाकवला ते आकड्यात सांगता आलं पाहिजे.

निवृत्त ओव्हरसियर

साडेसहा मीटर काढायला कॉम्प्युटर लागतो होय? चार वाजता चुन्याची फक्की घेऊन स्टँडवर जायचं, सावलीच्या कडेवर रेघ मारायची. झालं.

आता खरी अडचण ऐक. बांधकाम खात्यात ३१ वर्षं काढलीत मी. सरकारी दरसूचीत साध्या स्लॅबच्या सेंटरिंगला, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याला, दर आहे. दोन्ही अंगांनी वाकलेल्या छताला नाही. मग रेट ॲनालिसिस करा, वरपर्यंत मंजुरी आणा, त्यात सहा महिने. टेंडर शेवटी सगळ्यात कमी दरवाल्याला. त्यानं बिल मागितलं की एमबी, म्हणजे मोजमापाची वही, उघडायची. त्यात रकाने चार: संख्या, लांबी, रुंदी, उंची. तुझ्या छताची रुंदी मी कुठली लिहू, सांग. ऑडिटवाला काही तुझी फाईल फिरवून बघणार नाही, तो गुणाकार तपासतो.

एका कार्यालयाच्या पोर्चवर आम्ही त्रिकोणी काचांचा घुमट केला होता. प्रत्येक काच वेगळ्या मापाची. पहिल्याच वर्षी माकडांनी एक फोडली. तसली दुसरी कोणी करून देईना. मी निवृत्त झालो तेव्हा तिथं पत्रा होता, तारेनं बांधलेला.

सेंटरिंगवाला

साहेबांशी सहमत, पण अर्धाच. वाकडं काम आम्हाला येत नाही असं नाही. देवळाचे कळस कोण करतं? पण प्लाय आठ-दहा वेळा फिरली तरच परवडते. वाकड्या कामात एकदा कापली की गेली जळणात.

दुसरं, आर्किटेक्ट साइटवर येऊन मोबाइलवर मॉडेल गरागरा फिरवून दाखवतात. आम्हाला त्याचं काय करायचं? आमच्याकडं ओळंबा, गुण्या, लाईनदोरी आणि पाण्याची नळी. एका कागदावर द्या, या खांबापासून एवढ्या फुटावर एवढी उंची. मग बघा होतं का नाही.

उलटी साखळी

ओव्हरसियर साहेब, चुन्याची रेघ एका दिवसाची. डिसेंबरात चार वाजता सूर्य २२ अंशांवर असतो, तोही नैऋत्येला, आणि तेव्हा म्हाताऱ्या माणसांना ऊन हवंच असतं. मेची सावली पाहिजे, डिसेंबरचं ऊन पाहिजे, बसच्या टपाला कड घासली नाही पाहिजे, आणि आडवा पाऊस बाकड्यावर येऊ नये. कड खाली आणली तर बस अडते, लांबवली तर वारा उचलतो. हे सगळं एकदम जुळवायला बसलो तर वहीत महिना जाईल. यंत्र तासाभरात हजार पर्याय दाखवतं, निवड आपण करायची.

काचांचं एकदम मान्य. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या ग्रेट कोर्टच्या छतात ३,३१२ काचा आहेत आणि प्रत्येकीचं माप वेगळं. आपल्याकडं कोणी तसं सुचवलं तर त्याला पहिल्यांदा माकडं दाखवावीत. पण नियम उलटाही लिहिता येतो: ‘तुकड्यांचे प्रकार सहाच्या वर नकोत.’ सिडनी ऑपेरा हाउसच्या शिंपल्यांसारख्या छतांचं असंच अडलं होतं. १९६१ च्या सुमारास त्याचे वास्तुकार उत्झोन यांनी सगळे शिंपले एकाच गोलाच्या पृष्ठभागातून कापले. वाक सगळीकडे सारखा झाला, म्हणून साचे पुन्हा पुन्हा वापरता आले. सेंटरिंगवाल्या दादांच्या प्लायचाच प्रश्न तो.

आणि स्वस्तातलं उदाहरण हवं तर शेजारी कोपरगावला जा. तिथल्या एका शाळेचं माया सोमैया ग्रंथालय, २०१८ चं, समीर नव्हे, समीप पडोरा यांच्या ऑफिसचं. पातळ विटांचं कमानदार छत जमिनीतूनच वर चढतं, पोरं त्यावरून चालतात. साखळी दोन खिळ्यांना अडकवली की तिला झोल पडतो. तो झोल उलटा धरला की अशी कमान मिळते जिच्यात वीट फक्त दाबली जाते, ताणली जात नाही. स्पेनचा वास्तुकार गौडीनं हेच दोऱ्यांना वजनं टांगून केलं, इथं सॉफ्टवेअरनं केलं. दक्षिण आफ्रिकेतलं मापुंगुब्वे केंद्र (२००९) तर स्थानिक मातीच्या सुमारे २ लाख टाइलांचं. त्या टाइला तिथल्याच लोकांनी हातानं पाडल्या.

किल्लारीकर

विटांच्या कमानी आमच्या भागात नकोत. हात जोडून सांगतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. भूकंप. मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या घराच्या भिंती दोन-अडीच फूट जाड, दगड आणि माती. वर माळवद. माळवद गळू लागलं की पावसाळ्याआधी वर माती टाकायची. आज्यानं टाकली, बापानं टाकली, जुनी कोणी काढली नाही. त्या मातीखालून मला बाहेर काढलं. धाकटी बहीण निघाली नाही.

तेव्हाच्या नकाशात आमचा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोन १ मध्ये होता. झोन ३ झाला तो २००२ च्या सुधारणेत. म्हणजे त्या काळी तुमच्या यंत्रात आकडा भरला असता तर कागदावरचाच भरला असता, आणि यंत्रानं सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं असतं.

उलटी साखळी

याला माझ्याकडं उत्तर नाही. उलट्या साखळीची कमान स्वतःचं वजन छान पेलते, पण भूकंप आडवा ढकलतो, आणि तो जोर त्या साखळीत नसतो. कोपरगाव जसंच्या तसं उचलून तुमच्याकडं आणणं चूक ठरेल, हे मी वरच लिहायला हवं होतं. तुमच्या पट्ट्यात हलकं पोलादी छत, नीट बांधलेलं. दिसायला साधंच दिसेल.

रोज अप-डाउन

मी चारच्या गाडीचा पॅसेंजर. भिंतीला चिकटून उभं राहणाऱ्यांत मी पण असतो, कारण बाकड्यावर बसलं की चटका बसायलाय.

एक हिशोब माझा. स्टँडचं छत १,००० चौरस मीटर धरा, पाऊस ७०० मिलिमीटर. वर्षाला ७ लाख लिटर पाणी होतं. २०१६ ला मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली रेल्वे आली तिच्यात ५ लाख लिटर होतं आणि पेपरात पहिल्या पानावर फोटो होते. आपल्या स्टँडचं पाणी पन्हाळीतून थेट गटारीत जातं. ढाळ टाकीकडं वळवायला पॅरामेट्रिक लागत असेल तर लागू द्या, नसेल तर तसंच करा. पण करा.

तेरणाकाठ

सगळं वाचलं. तेरच्या त्रिविक्रम मंदिराचं विटांचं गजपृष्ठाकार छत शतकानुशतकं उभं आहे आणि लातूरच्या गंजगोलाईत १६ रस्ते एका चक्रात येतात. दोन्हीकडं कॉम्प्युटर नव्हता, भूमिती होती. त्यामुळं यंत्राची मला भीतीही नाही आणि नवलही नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. आकडे कोण ठरवतं? धागाकर्त्यानं ऊन, पाऊस, वारा, बसची उंची सगळं लिहिलं. ओव्हरसियर साहेबांनी पैसा लिहिला. मी शिक्षिका आहे, १४ वर्षं एसटीनं जाते. माझा आकडा आहे शेवटच्या बाकड्यापासून बायकांच्या स्वच्छतागृहाच्या दारापर्यंतच्या पावलांचा. आमच्या स्टँडवर ती १३० आहेत. वाट मागच्या अंगानं जाते आणि तिच्यावर एकच दिवा आहे, तोही बहुतेकदा बंद. शाळेत निघताना मी पाणी पीत नाही. माझ्या सोबतच्या दोघी पण पीत नाहीत. हे तुमच्या हजार पर्यायांत कुठं बसतं?

उलटी साखळी

कुठंच बसत नव्हतं. माझ्या फाईलमध्ये स्वच्छतागृह म्हणजे कोपऱ्यातला एक चौकोन आहे, तो मी हातानं ढकलून जिथं जागा उरली तिथं ठेवतो. काल रात्री अंतर, आणि प्लॅटफॉर्मवरून दार दिसतं की नाही, हे दोन्ही नियम घातले. चौकोन कंट्रोल रूमच्या शेजारी आला आणि त्यापायी पश्चिमेची कड दीड मीटर आखडली. म्हणजे सावली गेली. आता बाकडी हलवून बघतोय.

निवृत्त ओव्हरसियर

दीड मीटरसाठी एवढं रडू नको, बाकडी पूर्वेला घे. एमबीचं सांगतो: छताचे सहा प्रकारचे तुकडे कर, प्रत्येकाचं क्षेत्रफळ वेगळ्या तक्त्यात काढ आणि संख्येनं गुण. ‘नग’ म्हणून लिहिता येईल. लोखंडी गेटं आम्ही तशीच लिहायचो.

शनिवारी चार वाजता स्टँडवर ये. चुना मी आणतो, तुझे अंश तू आण.

तेरणाकाठ

शनिवारी आलातच तर चारची सावली मोजून लगेच निघू नका. साडेसातपर्यंत थांबा आणि ती १३० पावलं चालून बघा.