कॉकाटीलला तळजाईवर सोडू नका
पुण्यात सहकारनगरच्या बाल्कनीत सापडलेल्या कॉकाटीलला (तुरेवाला छोटा पोपट) घर हवंय अशी पोस्ट आहे, त्यावर कुणीतरी म्हटलंय की तळजाई टेकडीवर सोडून द्या, तर प्लीज असं करू नका, तो मूळ ऑस्ट्रेलियातला पक्षी, माणसाळलेला, त्याला इथे खाणं शोधता येणार नाही आणि घारी-कावळे टिकू देणार नाहीत. आपला हिरवा पोपट असता तर गोष्ट वेगळी, तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे पाळताच येत नाही, वनखात्याला कळवावं लागतं. कॉकाटील नीट सांभाळला तर १५-२० वर्षं जगतो, म्हणून घेणाऱ्याला आधी विचारा की घरात मांजर आहे का, दिवसभर कोणी असतं का. नॉनस्टिक तवा खूप तापला की त्यातून निघणाऱ्या वाफांनी पक्षी मरतो, हे सांगाच. आणि पायात रिंग असेल तर त्यावरचा नंबर जाहीर लिहू नका, मालक म्हणून येईल त्यालाच सांगू दे.