मदत हवी आहे: काळ्या रानात कोपऱ्याचे खांब टिकेनात

मंडळी, रानडुकरांच्या त्रासामुळे दोन एकराला काटेरी तारेचं कंपाउंड केलं. ४० × ४० × ५ मिमीचे लोखंडी अँगल (एल आकाराचे खांब), दोन फूट खड्डा, काँक्रीट. मधले खांब ठीक आहेत, पण कोपऱ्याचे चारही तारेच्या ओढीनं आत झुकलेत. जमीन भारी काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगेत हात जातो, मग काँक्रीटचा गोळाच हलतो. जमिनीलगत गंजाचे पापुद्रेही निघताहेत.

आता कोपऱ्याला ५० × ५० × ६ चा अँगल घ्यावा की दोन इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाईप? पाईप सगळ्या बाजूंनी सारखाच ताण घेतो, म्हणून माझा कल तिकडे. तीन फूट खड्डा पुरेल का? दोन्ही तारांच्या दिशेनं तिरपे टेकू देणारच आहे. ते वेल्ड केले तर जस्त जळतं, म्हणून क्लॅम्प आणि नटबोल्ट चालतील का? काळ्या रानात ज्यांचे खांब टिकलेत त्यांनी कृपया सांगा, पेरणीआधी काम उरकायचंय.