नकाशावरची रेघ आणि उसातला बिबट्या

वर एकांनी नकाशा टाकून लिहिलंय की उपग्रहाच्या चित्रावर जंगलाचे हिरवे तुकडे जोडले की कॉरिडॉर (म्हणजे प्राण्यांना एका जंगलातून दुसऱ्या जंगलात जायची वाट) तयार. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! कॉरिडॉर काढणारं सॉफ्टवेअर नकाशाच्या प्रत्येक छोट्या चौकोनासाठी एक आकडा मागतं: प्राण्याला इथून जाणं किती अवघड? जंगलाला कमी, चौपदरी रस्त्याला जास्त. हा आकडा बहुतेकदा माणूसच अंदाजाने भरतो आणि गोची तिथेच होते. अकोले-जुन्नरकडचा ऊस नकाशात नुसता 'शेती' म्हणून रंगतो, पण बिबट्याची मादी पिल्लं घालते ती त्याच उसात. (तोडणीवाल्यांना विचारा.)

म्हणून जमिनीवरची उलटतपासणी हवीच: प्राणी खरंच तिथून जातात का, हे बघायला हवं. उदाहरणार्थ, पेंच व्याघ्र प्रकल्पातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी ९ ठिकाणी रस्त्याखालून वाट ठेवली आहे. सगळ्यात मोठी ७५० मीटरची. २०१९ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तर १८ जातींचे प्राणी त्यात टिपले गेले. पट्ट्यांवरून ओळखलेले ११ वेगवेगळे वाघही त्यात होते.

तुम्ही टाकलेला नकाशा छान आहे, पण कुठल्या जमिनीला किती आकडा दिलात तो तक्ताही टाका ना.