अनुभव धागा : कापड, पडदे, प्लाय – पहिली चूक केवढ्याला पडली?

लेकीची बारावी झालीय. तिला कापडात 'काहीतरी' करायचंय. टेक्स्टाइल की इंटिरिअर, ते तिचं तिलाच ठरत नाही. घरात दोन पक्ष पडलेत. आमचे हे म्हणतात, शिकू दे की. सासूबाईंचा प्रश्न एकच, "पडदे लावून पोट भरतंय व्हय?" कोल्हापूर-इचलकरंजी पट्ट्यात या धंद्यात असलेल्यांनी लिहा. कोर्सच्या जाहिराती वाचून झाल्यात, त्या नकोत. पहिली मोठी चूक कुठली झाली आणि ती केवढ्याला पडली, एवढंच सांगा.
– धागाकर्ती

खर्चीवाल्याचा पोरगा, इचलकरंजी

आधी एक गाठ सोडवतो. टेक्स्टाइल इंजिनिअरिंग आणि टेक्स्टाइल डिझाइन या दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिलीला गणित-फिजिक्स आणि सीईटी, दुसरीला चित्राचा हात आणि एनआयडी-निफ्टसारख्या वेगळ्या प्रवेशपरीक्षा. पाहुण्यारावळ्यांना दोन्ही सारखंच वाटतं.

मी पहिल्या वाटेचा. डीकेटीई हे टेक्स्टाइलचं कॉलेज गावातच, १९८२ पासूनचं, त्यामुळे बाहेर जायचा प्रश्न नव्हता. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी यंत्रमाग आणला. आमच्या घरात तो यायला पुढं सत्तर-पंचाहत्तर वर्षं गेली, तोही सेकंडहँड. वडील खर्चीवाले. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे, मजुरी मीटरवर. मला डिग्रीची मस्ती होती. म्हटलं स्वतःचं सूत घालायचं, स्वतःचं कापड विकायचं. पहिली ऑर्डर ३००० मीटर, ५२ पीक, म्हणजे इंचाला ५२ आडवे धागे. मागावर पीक ठरवणारं चाक आधीच्या मालाचं, ४८ चं, तसंच राहिलेलं. जॉबरला, म्हणजे मागाच्या मिस्त्रीला, वाटलं मी बघितलं, मला वाटलं जॉबरनं बघितलं. चार पीक कमी म्हणजे डोळ्याला काही दिसत नाही हो. कापड चिमटीत धरलं तर जरा पातळ लागतं, एवढंच.

व्यापाऱ्यानं ताग्यावर पिकग्लास ठेवली. एक इंचाची चौकट, वर भिंग. सुईच्या टोकानं आडवे धागे मोजत गेला. अठ्ठेचाळीसला थांबला. परत मोजलं. परत अठ्ठेचाळीस. मीटरला ४ रुपये कापले, १२ हजार गेले. वडील म्हणाले, "कॉलेजात मोजायला शिकवत नाहीत व्हय?"

शिकवतात. पहिल्याच वर्षी.

शिंपीणबाई, राजारामपुरी

मी कुठला कोर्स केला नाही. फॉल-पिकोपासून सुरुवात. ब्लाउजात गिऱ्हाईक दर महिन्याला भांडतं, पडद्यात पाच वर्षांतून एकदा, म्हणून पडद्याकडे वळले. (हसू नका, हे खरं कारण आहे.)

पहिलं मोठं काम रुईकर कॉलनीतला बंगला. चार खिडक्या, प्रत्येक ६ फूट रुंद. चुणीसाठी रुंदी दुप्पट धरायची, म्हणजे १४४ इंच. कापडाचा पन्हा ४८, म्हणून खिडकीला तीन पाट. तयार उंची ८४, वरखालची दुमड १०, एकूण ९४. बारा पाटांचं २९ मीटर कापड आणलं आणि सलग कापत सुटले.

कापडावर मोठं फूल होतं आणि तेच फूल दर २५ इंचांनी परत येत होतं. याला रिपीट म्हणतात, हे मला नंतर कळलं. ९४ इंचांत २५ चे पूर्ण रिपीट बसत नाहीत. म्हणून पहिल्या पाटापेक्षा दुसऱ्याचं फूल ६ इंच खाली, तिसऱ्याचं आणखी ६ इंच खाली. ९४ च्या जागी १०० धरून साडेतीस मीटर आणायला हवं होतं. दीड मीटरची कंजुषी!

शिवताना कळलं नाही का? कळलं. रात्रीचे दोन वाजले होते, म्हटलं चुणीत लपेल.

बाईसाहेब सोफ्यावर बसल्या, मान वाकडी केली आणि म्हणाल्या, "अगं, फुलं जिना उतरायलीत की!"

तेवढंच एक-दोन पाट नवीन शिवावेत म्हटलं, तर दुकानातला तो लॉट संपलेला आणि नवीन लॉट जरा पिवळट. शेजारी शेजारी लगेच दिसत होतं. मग चारही खिडक्यांचं कापड माझ्या खिशातून, ११ हजार. त्या जुन्या पडद्यांच्या उशांच्या खोळा अजून आमच्या घरात आहेत. नवरा पाहुण्यांना आवर्जून दाखवतो.

पोट भरतंय का, हे सासूबाईंना सांगा : दिवाळीच्या आधी दोन महिने जेवायला वेळ मिळत नाही, आणि श्रावणापर्यंत मशीनवर धूळ असते. दोन्ही धरून भरतं.

शाहूपुरीत भिजलेली

मी इंटिरिअर करते. आर्किटेक्ट नाही. ती पाटी लावायला आर्किटेक्चर कौन्सिलची नोंदणी लागते, १९७२ चा कायदा आहे. इंटिरिअर डिझायनर कुणीही म्हणवून घेऊ शकतं, आणि घेतातही.

२०१८ ला शाहूपुरीत तळमजल्यावर एक ऑफिस केलं. ड्रॉइंगमध्ये मी ७१० चा वॉटरप्रूफ प्लाय लिहिला होता. काम ३०३ मध्ये झालं, म्हणजे साधा कमर्शियल. पुढच्याच ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर, जिथं ४३ फुटांना धोका, तिथं पंचगंगेच्या पुराचं पाणी ५५ च्या वर गेलं. ओसरल्यावर आत गेलो तर कपाटांची दारं पुरीसारखी फुगलेली, सनमायका एका कोपऱ्यातून सोलून लोंबत होता. वास तर सांगूच नये. ७१० असता तर सगळं वाचलं असतं, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. इतके दिवस पाण्यात बुडाल्यावर बिजागऱ्या गंजतात, चिखल कुठंही शिरतो. पण निम्मं तरी धुऊन वापरता आलं असतं.

आता न लिहायचं ते लिहिते. प्लायवाला, सनमायकावाला, लाइटवाला, सगळे डिझायनरला टक्केवारी देतात. मालकानं बजेट कापलं हे खरं. माझे पैसे दुकानदाराकडून आधीच आले होते आणि म्हणून मी भांडले नाही, हेही खरं. केवढ्याला पडलं, याचा आकडा मला देता येत नाही. ते गिऱ्हाईक माझ्या मावसभावाचं होतं. २०२१ ला पुन्हा पाणी आलं, तेव्हा त्यानं फोन केला नाही.

आता तळमजल्यावर भिंतीला ठोकलेलं काही करत नाही. सगळं सुटं, चौघांनी उचलून माडीवर नेता येईल असं. प्लगची बटणं जमतील तेवढी वर. दिसायला थोडं ओबडधोबड होतं. फी चौरस फुटावर, कमिशन बंद. "नुसतं कागदावर काढायचे एवढे?" म्हणून निम्मे लोक चहा पिऊन जातात.

शिंपीणबाई, राजारामपुरी

बरं केलंस लिहिलंस. ती टक्केवारी शिलाईतूनच जाते बाई, आम्ही बोलत नाही एवढंच.

घोंगडीवाला

आम्ही सनगर, पिढ्यान्‌पिढ्या घोंगडी विणणारे. आजा खड्ड्यातल्या मागावर विणायचा, ताण्याला चिंचोक्याची खळ. पट्टणकोडोलीच्या यात्रेत माल जायचा. मी शिकून आलो आणि त्याच दख्खनी लोकरीची जाकिटं काढली, शहरातल्या लोकांसाठी. चाळीसपैकी सदतीस परत आली, टोचतात म्हणून. आजी म्हणाली, "मेंढराला इचारलंस का?" ही लोकर जाडीभरडीच असते. आता तीच जमिनीवर अंथरायला आणि भिंतीवर लावायला देतो. तिथं कुणाला टोचत नाही. फक्त पावसाळ्यात बांधून ठेवू नका, कसर लागते.

पुण्याला गेलेली

डिझाइनची डिग्री आहे, सध्या बँकेत आहे. चूक अशी काही नाही. दोन वर्षं फक्त दुसऱ्याच्या सॅम्पलला रंग बदलून देत होते, कंटाळले. लेकीला हेही सांगा.

धागाकर्ती

सगळं वाचून दाखवलं. लेकीनं दुसऱ्या दिवशी पिकग्लास मागवली आणि घरातलं सगळं कापड मोजायला घेतलं. दिवाणाचं नवीन कव्हर दुकानदारानं ५२ पीक सांगून दिलं होतं, ते ४४ भरलं. सासूबाई पिशवी घेऊन तयार आहेत, पावती शोधायला लावलीय.