मदत हवी आहे: स्विफ्ट की पोलो? शनिवारी टोकन द्यायचं आहे

एमएच३१_मामा
नमस्कार मंडळी. लेकरासाठी जुनी गाडी घेऊन राहिलो. दोन पाहून ठेवल्या आहेत, एक स्विफ्ट, एक पोलो. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही चकाचक. लेकराचं म्हणणं असं की गाडी चालवायला मजा आली पाहिजे, नुसती घर-ऑफिस ढकलगाडी नको. डीलर म्हणतो शनिवारपर्यंत टोकन द्या, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. कोणती घ्यावी? "नवीनच घ्या" असं कृपया कोणी सांगू नका. जरा लवकर सांगा.

गिअरबदलू
बजेट किती? साल कोणतं? किती चालली? पेट्रोल की डिझेल? कितवा ओनर? आणि पोलो म्हणजे कोणती पोलो? २०१० ते २०२२ पर्यंत विकली गेली ती इथे, इंजिनं पाच-सहा प्रकारची आली. तुम्ही रंग तेवढा सांगितलात.

तर्रीबाज
दुसरं गिऱ्हाईक सगळ्याच डीलरकडे तयार असते भाऊ. मी टोकन न देता परत आलो होतो. महिन्याभराने त्याच रस्त्याने गेलो तर गाडी तिथेच उभी, वरून धूळ. फोन त्यालेच आला, वीस हजार कमी करतो म्हणून.

खडूस_काका
नवीन घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. नवीन स्वस्त झाली, पण जुन्या गाडीवाले अजून जुन्याच हिशोबाने भाव सांगतात. आल्टो के१० घ्या, तीन वर्षं वॉरंटी, डोक्याला ताप नाही.

एमएच३१_मामा
काका, पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं होतं हो.

खडूस_काका
वाचलं. तरी सांगितलं.

एमएच३१_मामा
बरं, माहिती देतो. स्विफ्ट: २०१८, व्हीएक्सआय पेट्रोल, मॅन्युअल, मीटरवर ४१ हजार, पहिला ओनर, ४ लाख ७०. पोलो: जीटी टीएसआय, २०१५, ६८ हजार, दुसरा ओनर, ४ लाख २५. बजेट पाच. रोजचं जाणं-येणं नागपुरातच, मनीषनगर ते मिहान (कंपन्यांचा भाग).

निवांत_प्रवासी
मनीषनगर ते मिहानला गाडी कशाला लागते? मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीपर्यंत जाते. तिथून पुढे शेअर ऑटो नाहीतर कंपनीची बस. पार्किंगची कटकट नाही, पेट्रोल नाही. मी बर्डीला मेट्रोनेच जातो, पेपर वाचून होतो.

गिअरबदलू
प्रश्न गाडीचा आहे निवांतराव.

मामा, आता कसं बोलता येतं. जीटी टीएसआय म्हणजे १.२ लिटर टर्बो, १०५ हॉर्सपॉवर, सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. वर्धा रोडला मोकळं मिळालं की हसू येतं चेहऱ्यावर, नाकारत नाही. पण तो डीएसजी कोरड्या क्लचचा. रोज सिग्नलला रेंगाळत, दोन-दोन फूट सरकत चालवला की तापतो, घासतो, आणि क्लचपॅक किंवा मेकॅट्रॉनिक (गिअर बदलणारं कंट्रोल युनिट) बदलायची वेळ आली तर बिल पाहून रात्री झोप येत नाही. दहा वर्षांची, दुसऱ्या हातातली, सर्व्हिस बुक नसलेली (असेल तर सांगा) अशी गाडी पाच लाखांच्या बजेटमध्ये मी पहिल्या नोकरीवाल्याला देणार नाही.

स्विफ्ट चांगली. हे २०१८ चं मॉडेल वजनाला नऊशे किलोच्या आत, ८३ पीएस (हॉर्सपॉवरच समजा), गिअर लोण्यासारखे पडतात. गाडी हलकी असली की कमी ताकदीतही मजा येते. पण तुम्ही होंडा ब्रिओ का पाहत नाही? १.२ आय-व्हीटेक, ८८ हॉर्सपॉवर, एवढीशी गाडी. चार हजार आरपीएमच्या वर गेली की वेगळीच होते. लोकांना डिकी लहान वाटते, १७५ लिटर, म्हणून भाव पडलेला. तुमचा फायदा.

फिगोभक्त
ब्रिओ?? मागून अर्धी कापल्यासारखी दिसते. मजा पाहिजे तर फिगो. स्टिअरिंगचा जो फील फोर्डला आहे तो या किमतीत कोणालाच नाही. १.५ डिझेल तर १०० पीएसची तोफ.

गिअरबदलू
फोर्डने २०२१ मध्ये इथलं दुकान आवरलं. पार्ट आणि सेन्सर शोधायला तुम्ही येणार का यांच्यासोबत? आणि मिहानपर्यंतच्या फेरीला डिझेल घेऊन काय करायचं? इंजिन गरम व्हायच्या आत ऑफिस येते.

फिगोभक्त
ब्रिओ पण २०१९ ला बंदच झाली, ते नाही सांगत. आणि फोर्डची सर्व्हिस चालू आहे अजून. माझी गाडी मला कधी अडली नाही.

गिअरबदलू
मॉडेल बंद होणं आणि कंपनीने विक्रीच बंद करणं यात फरक आहे.

विमा_वहिनी
तुमचं भांडण चालू द्या, मी कामाचं सांगते. दोन्ही गाड्या ११९७ सीसीच्या, म्हणजे थर्ड पार्टीचा हप्ता एकाच गटात पडतो, हजार ते पंधराशे सीसीचा. २०२२ मध्ये तो ३,४१६ रुपये ठरला. फरक पडेल तो ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात. डीलर सांगेल की "पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे गाडीवर". नो क्लेम बोनस म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट; ती गाडीवर नसते, मालकावर असते. जुना मालक ती स्वतःच्या पुढच्या गाडीला घेऊन जातो, तुमच्या नावावर पॉलिसी आली की तेवढा फरक तुम्ही भरायचा. आणि पॉलिसी चौदा दिवसांत नावावर करून घ्या. आरसी नावावर झाली, पॉलिसी राहिली, मध्ये गाडी ठोकली, अशी प्रकरणं टेबलावर येतात तेव्हा आम्हालाही वाईट वाटतं पण हात बांधलेले असतात.

मूळ किमतीवर चाळीस-पन्नास हजार वेगळे काढून ठेवा: विमा, टायर, बॅटरी, ट्रान्स्फर. म्हणजे तुमचं बजेट पाच नाही, साडेचार आहे.

सेफ्टीसॅम
पोराला मजेपेक्षा जीव महत्त्वाचा. ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये २०१८ च्या स्विफ्टला दोन स्टार आले होते. पोलोला २०१४ साली, एअरबॅगवाल्या मॉडेलला, चार. टाटा टियागोला २०२० मध्ये चार. पोरं या वयात गाडी पळवतातच, तेव्हा पत्रा चांगला पाहिजे. टियागो घ्या.

एमएच३१_मामा
पोरगा नाही, पोरगी आहे. भाची. तेवीस वर्षांची, पहिली नोकरी.

सेफ्टीसॅम
अच्छा. मग ऑटोमॅटिक घ्या. टियागो एएमटी, म्हणजे मॅन्युअलचाच गिअरबॉक्स पण गिअर आपोआप बदलणारा.

पार्किंगगुरू
+१. मुलींना ऑटोमॅटिकच बरी. आणि रिव्हर्स कॅमेरा बघून घ्या.

वर्धारोडवाली
का हो? दोन प्रतिसाद आधीपर्यंत "पोरं गाडी पळवतातच" चाललं होतं, आता लगेच कॅमेरा आणि ऑटोमॅटिक? मी सुमोवर शिकले. एएमटीच्या धक्क्यात कसली मजा, तिला मजा पाहिजे असं पहिल्या ओळीत लिहिलंय.

एमएच३१_मामा
तिला मॅन्युअलच पाहिजे. ती बोलेरोवर शिकली, माझ्या दाजीची आहे. काटोलला शेतावर तीच घेऊन जाते, पावसाळ्यात सुद्धा. हे सांगायचं राहून गेलं.

गिअरबदलू
अहो मामा! मॅन्युअल पाहिजे आणि जीटी टीएसआय पाहून आलात? ती ऑटोमॅटिकच येते. पोलो आपोआप बाद. अर्धा धागा वाचला असता.

एमएच३१_मामा
डीलर म्हणाला मॅन्युअल मोड आहे.

तर्रीबाज
😂 जाऊ द्या ना बे, मामा आहेत.

खडूस_काका
एका गोष्टीचा कोणी विचारच करून नाही राहिलं. आता पंपावर ई२० पेट्रोल, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं. एप्रिल २०२३ च्या आधीच्या बऱ्याच गाड्या ई१० च्या हिशोबाने बनल्या. नळ्या, गॅस्केट, इंजेक्टर. म्हणून म्हणतो नवीन.

फिगोभक्त
काका, देशातल्या जुन्या गाड्या काय सगळ्या रस्त्यात बंद पडून राहिल्या का? अ‍ॅव्हरेज थोडं कमी होतं, एवढंच. बाकी व्हॉट्सअ‍ॅप.

खडूस_काका
व्हॉट्सअ‍ॅप नाही, माझी स्कूटर.

पुणेकर_बाप्पू
इथेनॉलवर वेगळा धागा आहे, तिथे तीनशे प्रतिसाद झालेत, तिकडे भांडा. मामा, दिल्लीची गाडी पाहा. तिथे दहा वर्षांच्या वरच्या डिझेलवर बंदी आली तेव्हा मातीमोल भावात जात होत्या.

दहाबाराचा_पाना
दिल्लीची गाडी आणली की तिथली एनओसी पाहिजे, इथे टॅक्स भरा, मग एमएच नंबर घ्या. एवढं करून स्वस्त पडत नाही. आणि यांना पेट्रोल पाहिजे.

मामा, मॉडेल सोडा, ती जी गाडी उभी आहे ती पाहा. मी रोज हेच काम करतो म्हणून सांगतो. स्विफ्ट कुठली आहे? म्हणजे आधीचा मालक कोणत्या भागातला? २२-२३ सप्टेंबर २०२३ ची रात्र आठवते ना, अंबाझरी भरून वाहिला, नाग नदी घरात शिरली. किती बेसमेंटमधल्या गाड्या छतापर्यंत बुडाल्या. त्यातल्या सगळ्या भंगारात नाही गेल्या. वाळवल्या, शॅम्पू मारला, सीट कव्हर टाकले, विकल्या. बाहेरून तुमाले काहीच दिसणार नाही.

काय पाहायचं सांगतो. सीटबेल्ट पूर्ण ओढा, पार शेवटपर्यंत, चारही. जो भाग रोज बाहेर येत नाही तिथे पाण्याची रेघ राहते, मातकट, वर-खाली दोन रंग दिसतात. बेल्ट धुवायचं कोणाच्या डोक्यात येत नाही. मग डिकीतली स्टेपनी उचला, खालच्या खड्ड्यात बोट फिरवा. गाळ वाळला की पिठासारखा बारीक होतो, कोपऱ्यात बसून राहतो. सीटच्या रेल खालून पाहा, मोबाइलचा टॉर्च मारून. आठ वर्षांच्या गाडीला थोडा गंज चालतो, पण पॅसेंजर सीटच्या बोल्टला जाड गंज असेल तर परत फिरा. आणि एसी बंद ठेवून काचा वर करून पाच मिनिटं आत बसा. सुगंधी डबी लावली असेल तर आधी ती काढून बाहेर ठेवा.

टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. ४१ हजार चालली म्हणतो आणि टायर मागच्या वर्षीचे नवेकोरे, तर जुने कुठे गेले विचारा. मीटर मागे नेणं दहा मिनिटांचं काम आहे. सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीचा नंबर सांगून हिस्ट्री काढा.

वर्धारोडवाली
टायरचं अजून एक. भाची समृद्धीवर जाणार असेल, शिवमडक्यापासून आत शिरलं की वेगाची मर्यादा १२०. मे महिन्यात तो काँक्रीटचा रस्ता तव्यासारखा असतो. टायर पाच-सहा वर्षांचे असतील तर नक्षी कितीही शिल्लक असो, बदलायचे. हवा थंड टायरला भरायची.

निवांत_प्रवासी
शिर्डीला जायचं तर ट्रेन बरी.

एमएच३१_मामा
मंडळी, आज सकाळी भाचीला घेऊन गेलो होतो. बेल्ट ओढायला सुरुवात केली तर डीलरचा पोरगा म्हणे पुढचे पाहा, मागचे कोण लावते. मागचा डावीकडचा शेवटपर्यंत ओढला, तर हातभर भाग चहाच्या रंगाचा, वर सरळ रेघ. उजवीकडचा तसाच. डीलर म्हणाला "लहान मुलांनी चहा सांडला असेल". दोन्हीकडे, एकाच उंचीवर. भाचीने स्टेपनी उचलून बोट फिरवलं आणि त्याच्यासमोर धरलं. तो फोनवर बोलायला बाहेर गेला.

टोकन दिलं नाही. पानाभाऊ, तुमचे पाय धरायला पाहिजे.

आता लक्ष्मीनगरला एक ब्रिओ आहे, २०१७, व्हीएक्स, मॅन्युअल. डीलर नाही, घरचे मालक आहेत, रिटायर माणूस. ३ लाख ६० सांगून राहिले. भाचीने एक फेरी मारली, उतरली तर बोलायलाच तयार नाही, नुसती हसून राहिली. अडचण एक: नंबर प्लेट जुनी आहे आणि आरसीवर बँकेचं नाव दिसते. कर्ज फिटलं म्हणतात. चालते का?

फिगोभक्त
शेवटी ब्रिओच. ठीक आहे. अभिनंदन.

गिअरबदलू
मी काहीच बोलत नाही.

विमा_वहिनी
"फिटलं म्हणतात" चालत नाही. बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात घ्या, आरसीवरून बँकेचं नाव निघू द्या, मग ट्रान्स्फरचे फॉर्म २९ आणि ३०. एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट बसवणं बंधनकारक आहे, ती मालकालाच बसवायला सांगा. एम-परिवहनवर चलन पाहून घ्या, थकलेली असतील तर किमतीतून कापा. पूर्ण पैसे हे सगळं झाल्यावर. तोवर हजार-दोन हजाराचं टोकन, तेही लिहून.

दहाबाराचा_पाना
सकाळी सातला जा. फोन करून सांगा की आधी चालू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून पाहायचा, थंड पाहिजे. चाबी तुमी मारायची. आणि दुपारी परत एकदा जा, उन्हात उभी करून एसी पाहा. नागपुरात एसी नसला तर गाडी नाहीच समजा.

एमएच३१_मामा
जमते. रविवारी जातो.

पुणेकर_बाप्पू
मामा, ती स्विफ्ट कोणत्या डीलरकडे होती? माझा मेहुणा त्याच भागात गाडी शोधतोय. इथे नाव नका टाकू, व्यनि (खाजगी निरोप) करा.

एमएच३१_मामा
केला.