मदत हवी आहे: घरी बांधलेल्या हॉट रॉडची नोंदणी, फ्रेमची पावती नाही

नमस्कार मंडळी,

कॅलिफोर्नियात राहणाऱ्या आणि गाडी स्वतः बांधून पासिंग केलेल्या कुणाची तरी मदत हवी आहे. चार वर्षं खपून गॅरेजमध्ये हॉट रॉड (जुन्या धाटणीची, दमदार इंजिनाची गाडी) उभी केली. बॉडी 1932 च्या फोर्डची फायबरग्लासमधली नक्कल, इंजिन शेवरलेचं 350 घन इंची. गाडी चालते, पण कागदोपत्री तिचा जन्मच झालेला नाही!

डीएमव्हीत, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी खात्यात, तिची नोंद 'स्पेशली कन्स्ट्रक्टेड' (खास बांधलेली गाडी) म्हणून होईल. बांधणीचं निवेदन भरलंय. इंजिनाचा नंबर उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे, ब्लॉकवरच्या पट्टीवर स्वच्छ वाचता येतो, त्याचं बिलही आहे. घोडं अडलंय फ्रेमपाशी, म्हणजे गाडीच्या सांगाड्यापाशी. ती एका गृहस्थांकडून रोखीने घेतली, तेव्हा पावती मागायचं सुचलं नाही, आता ते फोन उचलत नाहीत. फ्रेमवर नंबरही नाही. हायवे पॅट्रोलची तपासणी होईल तेव्हा सुटे भाग चोरीचे नाहीत हे दाखवावं लागणार, त्याचीच धास्ती वाटते.

अशा वेळी कुणी मालकीच्या कागदांऐवजी बाँड (हमीपत्र) भरून काम केलंय का? प्रदूषण नियमांतून सूट देणारी एसबी 100 या राज्याच्या कायद्याखालची प्रमाणपत्रं वर्षाला फक्त 500 असतात, म्हणून जानेवारीआधी हे मार्गी लावायचंय. आधी काय करू?