समृद्धीवर १४० ला गाडी नेणं खरंच एवढं डेंजर आहे का? सासऱ्यांशी वाद झालाय

कारंजाचा_जावई

मंडळी डोकं पिकलंय, तुम्हीच काय ते सांगा. मागच्या आठवड्यात सासरेबुवांना घेऊन कारंज्याहून पुण्याला आलो, संभाजीनगरपर्यंत समृद्धी आणि पुढे आपला नेहमीचा नगर रोड. सासरे एसटीतून रिटायर झालेत, २९ वर्षं ड्रायव्हर, त्यामुळे शेजारी बसले की अर्धं लक्ष रस्त्यावर आणि अर्धं माझ्या काट्यावर. लिमिट १२० आहे, मी १३५-१४० ला होतो, दुपारचे चार, पाऊस नाही, रस्ता मोकळा म्हणजे एवढा मोकळा की दोन-दोन मिनिटं पुढे गाडी दिसत नव्हती. आणि हे शेजारी बसून उजवा पाय मॅटवर दाबतायत. नसलेला ब्रेक! मेहकरपर्यंत त्या मॅटची घडी पडली होती. शेवटी म्हणाले, "जावईबापू, गाडी तुमची आहे, पण रस्ता तुमचा नाही."

मी काही बोललो नाही, पण मनात आलंच की यांच्या एसटीला स्पीड लॉक होता, यांना काय कळणार. माझी गाडी सेकंडहँड असली तरी क्रॅश टेस्टला फाईव्ह स्टार आहे, सहा एअरबॅग, ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएस, सगळं. जर्मनीत लोक दोनशेला चालवतात ते काय रोज मरतात का? आपल्याकडे माणसं मरतात ती राँग साईडने, दारू पिऊन, झोप लागून, मधेच आलेल्या जनावराने, आणि नाव वेगाचं येतं. म्हणजे माझा प्रश्न असा की नुसता वेग, बाकी सगळं नीट असताना, खरंच धोकादायक आहे का की ते फक्त बोर्डावर लिहायला बरं वाक्य आहे?

मिसळ_एक्स्ट्रा_तर्री

नाय रे भावा काही डेंजर नाही. चांगला एक फोटो काढून ठेव फक्त, चौकातल्या फ्लेक्सला लागतो.

गणित_मास्तर

वरच्या कमेंटवर हसलो पण प्रश्न चांगला आहे, त्यामुळे जरा हिशोब मांडतो, कंटाळा आला तर सोडून द्या.

समोर काहीतरी दिसलं, ते काय आहे ते कळलं आणि पाय ब्रेकवर गेला, एवढ्याला साधारण दीड सेकंद धरा. १०० ला गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर जाते, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ४२ मीटर गेले. मग कोरडा रस्ता आणि बरे टायर असतील तर थांबायला अजून ५५-५६. एकूण ९८ मीटर. आता त्याच जागी, त्याच क्षणी, तेच दिसलं पण तुम्ही १२० ला आहात. नुसत्या विचारात ५० मीटर गेले, उरले ४८, त्यात गाडी थांबत नाही, पहिली गाडी जिथे उभी राहिली तिथे तुम्ही अजून ७५ च्या आसपास असता. आणि १४० ला? विचारात ५८ गेले, उरले ४०, आणि आपटता तेव्हा काटा ११० च्या वर आहे. परत वाचा. शंभरवाला फक्त घामाघूम होऊन उभा आहे आणि तुम्ही ११० ने धडकलात, पूर्ण ब्रेक मारूनसुद्धा, एबीएस असूनसुद्धा. माणूस समजतो की १४० म्हणजे १०० पेक्षा ४० ने जास्त. तसं ते नसतं, कारण वेगाचा वर्ग लागतो. शाळेत शिकवलेलं पण परीक्षेपुरतं.

दुसरं ते फाईव्ह स्टारचं. क्रॅश टेस्टमध्ये समोरून आपटतात ती गाडी ताशी ६४ ला असते. चौसष्ट! १४० ला गाडीत जी ऊर्जा असते ती त्याच्या जवळजवळ पावणेपाच पट. ते पाच स्टार ६४ साठी मिळालेत, तुमच्या १४० साठी नाही.

आणि मिळतं काय ते पण बघा. कारंजा ते संभाजीनगर अडीचशे किमी धरले तर १२० ने दोन तास पाच मिनिटं, १४० ने एक तास सत्तेचाळीस. अठरा मिनिटं. त्यातली वाघोलीत किती उरली तेवढं सांगा.

उजव्या_लेनचा_शत्रू

मास्तर गणित बरोबर आहे पण तुम्ही अर्धंच सांगताय. हिशोब धडकल्यानंतरचा झाला, मुळात धडक होते का हा वेगळा प्रश्न आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मी दर शनिवारी असतो, कळंबोली ते किवळे, आणि मला भीती १२० वाल्याची नाही वाटत, मला भीती वाटते उजव्या लेनमध्ये ६० ला रमतगमत जाणाऱ्या काकांची आणि तीन लेनमध्ये तीन ट्रेलर एकमेकांना ओव्हरटेक करत असतात त्यांची. अप्पर-डिप्पर देऊन देऊन हात दुखतो, हलत नाहीत, मग लोक डावीकडून काढतात आणि तिथे कडेच्या पट्टीत, हार्ड शोल्डरवर, बिघडलेला ट्रक उभा असतो, मागे ना रिफ्लेक्टर ना काही, फारतर दोन दगड आणि झाडाची फांदी. अमेरिकेत १९६४ ला सॉलोमन नावाच्या माणसाने हेच दाखवलं होतं की सगळ्यांच्या वेगापेक्षा फार हळू जाणारा पण अपघातात सापडतो, फक्त फास्टवाला नाही.

आणि ते सरकारी आकडे. २०२२ ला देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर गेली आणि त्यातली ७१ टक्के म्हणे अतिवेगाने. हे ठरवतं कोण? अपघातानंतर पोलीस येतो, फॉर्ममध्ये कारण लिहायचं असतं, अतिवेग लिहिलं की विषय संपला. रस्त्याचा उतार चुकीचा होता, बोर्ड नव्हता, लाईट नव्हता हे लिहिलं तर मग कोणाला तरी विचारायला लागेल ना. सिंदखेडराजाजवळ १ जुलै २०२३ ला बस पेटून २५ माणसं गेली, तिथे सुद्धा सुरुवातीच्या आरटीओ अहवालात वेग हे कारण नव्हतंच.

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर २०१६ मध्ये १५१ मृत्यू होते. नंतर लोखंडी दोरांचे बॅरियर लागले, उभे ट्रक हटवायला लागले, खांबांना गार्ड आले आणि आकडा बराच खाली आला. लोक काही अचानक सज्जन झाले नव्हते.

गणित_मास्तर

फॉर्मचं पटतंय, १०० टक्के. सॉलोमनचं अर्धं पटतंय, कारण त्याच्या "हळू" गाड्यांमध्ये वळायला थांबलेल्या, रस्त्यावर नुकत्या आलेल्या गाड्या पण होत्या असा त्यावर जुना आक्षेप आहे. पण बाकी तुम्ही माझंच म्हणणं सांगताय की. रस्त्यावर बिनरिफ्लेक्टरचा ट्रक आहे, काका आहेत, कुत्रं आहे हे तुम्हाला माहितीये, तरी १४० ला? काका हटणार नाहीत हे गृहीत धरूनच वेग ठरवायला लागतो ना राव.

स्टुटगार्टची_पुणेरी

जर्मनीचं नाव निघालं की मला यावंच लागतं. नऊ वर्षं झाली इथे. हो, ऑटोबानच्या, म्हणजे इथल्या एक्स्प्रेसवेच्या, साधारण ७० टक्के भागाला कायमची वेगमर्यादा नाही, खरंय. पण १३० ही शिफारस १९७८ पासून आहे आणि त्याच्या वर जाऊन अपघात झाला तर चूक दुसऱ्याची असली तरी काही वेळा कोर्ट तुमच्यावर पण थोडी जबाबदारी टाकतं, हे इंस्टावर रील टाकणारे कोणी सांगत नाहीत.

आणि इथे दोनशेला जाता येतं ते कशाच्या जोरावर ते ऐका. इथे गाड्या उजव्या बाजूने चालतात, तर ओव्हरटेक फक्त डावीकडून, झालं की लगेच उजव्या लेनमध्ये परत. उजवीकडून घुसलात तर दंड. पेट्रोल संपून ऑटोबानवर उभे राहिलात तरी दंड होऊ शकतो, कारण पेट्रोल संपणं ही टाळता येणारी गोष्ट आहे म्हणे! लायसनसाठी शिकताना मास्तरणीने मला बळंच ऑटोबानवर नेलं, १३० च्या वर गेल्यावर विचारलं, आत्ता मागे कोण आहे? मला माहीत नव्हतं. दहा मिनिटं बोलली त्यावर. तेव्हापासून सवय लागली, दर काही सेकंदांनी आरसा. पुण्यात आले की माझा नवरा म्हणतो तू आरशात काय बघतेस सारखी, इकडे धोका समोरून येतो :)

आणि एवढं सगळं करून सुद्धा इथे वेगमर्यादा आणावी का यावर दर निवडणुकीला भांडण होतं. त्यामुळे "जर्मनीत चालतं" हे वाक्य पूर्ण बोलायचं तर मग ती शिस्त, ते दंड आणि ती दर दोन वर्षांची गाडीची तपासणी पण सोबत घेऊन बोला.

जालन्याचा_टायरवाला

मी शिकलेला कमी आहे पण दुकानात रोज काय येतं ते सांगतो. समृद्धी झाल्यापासून उन्हाळ्यात आमच्याकडे फाटलेले टायर लई येतात. गिऱ्हाईक म्हणतं रस्ता खराब आहे, सिमेंटचा आहे म्हणून फुटला. रस्त्याने नाही फुटत हो. टायरात हवा कमी, मागे चार माणसं, डिक्कीत गव्हाचं पोतं, आणि दोन तास न थांबता १४०. कमी हवेचा टायर दर फेऱ्याला चेपतो, चेपला की गरम होतो, आणि वेग वाढला की ते चेपणं सेकंदाला जास्त वेळा. साईडला हात लावून बघा उतरल्यावर, चटका बसतो. शहरात त्याच टायरवर वर्षभर काही होत नाही म्हणून माणसाला वाटतं टायर चांगला आहे.

टायरच्या साईडला शेवटी चार आकडे असतात ते बघा. समजा २३१९ लिहिलंय, तर २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असते, गिऱ्हाईक म्हणतं अजून नवा आहे, मी नखाने साईड दाबून दाखवतो तर बारीक बारीक भेगा, नदी आटल्यावर जमीन दिसते तशा. असा टायर ८० ला घरी नेतो, १४० ला भरवसा नाही. साईजच्या पुढे एक अक्षर पण असतं, टायरला चालणारा जास्तीत जास्त वेग, टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०, ते नव्या टायरचं, बरोबर हवेचं. जुन्याचं नाही. आणि हवा सकाळी थंड टायरात भरा, चाळीस किमी पळवून आल्यावर नाही.

पुढचा टायर १४० ला फुटला तर ब्रेक मारू नका एवढं लक्षात ठेवा. स्टेअरिंग घट्ट सरळ धरायचं, ॲक्सिलेटर हळूहळू सोडायचा. सांगायला सोपंय. जे ब्रेक मारतात त्यांच्या गाड्या माझ्याकडे नाही येत, क्रेनवर दुसरीकडे जातात.

कारंजाचा_जावई

सगळ्यांचे आभार, मिसळवाल्याचे पण. एक गोष्ट आधी लिहिली नव्हती, आता लिहितो. सिंदखेडराजाच्या पुढे, उन्हं तिरपी झालेली, समोर मला एक ठिपका दिसत होता मधल्या लेनला. मला वाटलं गाडी आहे, जातेय. सासरे म्हणाले "उभा आहे तो." मी म्हटलं नाही हो चाललाय. उभाच होता. कडब्याचा ट्रक, मागचे दोन्ही लाईट कडब्याने झाकलेले. डावी लेन मोकळी होती म्हणून निघालो, पण बाजूने जाताना गाडी हलली एवढं कमी अंतर होतं. कोणी काही बोललं नाही, मागे बायको जागी झाली तिने विचारलं काय झालं, दोघंही म्हणालो काही नाही. मास्तरांचे ते ११० वाचून तोच ट्रक डोळ्यासमोर आला.

काल सासऱ्यांना विचारलं तुम्हाला एवढ्या लांबून कसं कळलं. म्हणाले, ठिपका मोठा होत होता पण त्याच्या खालची सावली पुढे सरकत नव्हती. एसटीत रात्री त्यांचं वेगळं होतं म्हणे, समोरच्याच्या मागच्या लाईटकडे नाही बघायचं, त्याच्याही पुढे रस्त्यावर उजेड पडतोय का ते बघायचं. स्पीड लॉकवरून मनात जे आलं होतं ते मागे घेतो.

उजव्या लेनच्या शत्रूशी मात्र मी अजून सहमत आहे, त्या ट्रकवाल्याला कोणी पकडणार नाही आणि चलान मला आलंय. आलंय खरंच, दोन हजार. अठरा मिनिटांचं विचाराल तर वाघोलीत पन्नास मिनिटं उभा होतो.

जालनावाले दादा, सकाळी बॅटरी घेऊन चारही टायर बघितले. तीन २०२२ चे आहेत, डावा मागचा १४१८ निघाला. सेकंडहँड घेताना कोण बघतं. स्टेपनी वेगळ्याच साईजची बारीक आहे, तिच्यावर पिवळा स्टिकर, ८० लिहिलेलं. पुढच्या शनिवारी सासऱ्यांना परत सोडायचंय, तोपर्यंत तो एक बदलला तर चालेल का जोडीने बदलावे लागतील?

जालन्याचा_टायरवाला

१४१८ वर कारंज्याला जाऊच नका. जोडीने बदला, मागचे दोन्ही, आणि जो बरा निघेल तो त्याच साईजची रिम मिळाली तर स्टेपनी म्हणून ठेवा, डिक्कीत बसला तर. शनिवारी जालना एक्झिटला उतरलात तर हवा मी चेक करून देतो, पैसे नको. सासऱ्यांना घेऊन या.